शनिवारी रात्री चणे भिजत घाला

काबुली चणे, पाऊण किलो. चार माणसांच्या घराला एवढ्यात रविवार ते गुरुवार पाच रात्रींची जेवणं निघतात: फलाफल (वाटलेल्या कच्च्या चण्यांचे तळलेले गोळे), ट्युनिशियाची लब्लाबी (पावावर ओतलेले रश्शाचे चणे), हमस (चणे आणि तिळाची मऊ चटणी), इजिप्तची कोशरी (मसूर-भात, मॅकरोनी आणि चणे) आणि रोमकडचा चण्यांचा पास्ता. कांदे, लसूण, लिंबं, कोथिंबीर, टोमॅटो घरात असतातच, ते लिहीत बसत नाही. तेल मात्र बघून ठेवा, दोन दिवस तळण आहे.

चणे शनिवारी रात्री भिजले पाहिजेत. रविवारी सकाळी जाग आल्यावर नव्हे. भांडं मोठं घ्या, कारण ते फुगून दुपटीच्या वर जातात. लहान भांड्यात सकाळपर्यंत वरचा थर पाण्याबाहेर येतो आणि तेवढेच दाणे पुढे कुकरमध्ये दगड राहतात. पाणी चण्यांच्या तिप्पट, आणि लिटरला मोठा चमचाभर मीठ. मिठाने सालं मऊ पडतात. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर फिल्टरचं वापरा, जड पाण्यातल्या कॅल्शियमने सालं चिवट राहतात. एप्रिल-मे असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी वर फेस आणि आंबूस वास. मग सगळंच फेकायचं.

आता कुणीतरी म्हणणारच की विसरलो तर काय, दोन मिनिटं उकळायचे, तासभर झाकून ठेवायचे, झालं. बाकीच्या चार दिवसांना ते चालतं. फलाफलला चालत नाही. मागच्या खेपेला मी हेच केलं आणि पहिला गोळा कढईत पडताच तेलभर पसरला. फलाफलला बांधून ठेवतो तो चण्यातला कच्चा स्टार्च, जो तेलात गेल्यावर शिजतो. तो आधीच शिजला की धरायला काही उरत नाही. मग बेसन घाला, मैदा घाला, ब्रेडचा चुरा घाला, हाती येतो तो भजी आणि कटलेटच्या मधला काहीतरी. डबाबंद चणेही याच कारणाने नकोत, ते शिजवलेलेच असतात. तेव्हा मोबाइलमध्ये शनिवार रात्री नऊचा गजर लावा. आत्ता लावा आणि मग पुढचं वाचा.

रविवारी सकाळी भिजवलेलं पाणी ओतून द्या, चणे धुवा आणि पहिलं काम म्हणजे एक तृतीयांश कच्चे बाजूला काढा. कुकरला हात लावायच्या आधी. घरातलं दुसरं कुणी कुकर लावणार असेल तर कच्च्या चण्यांच्या भांड्यावर चिठ्ठी चिकटवा. हसू देत हसले तर. उरलेले ताज्या पाण्यात चार-पाच शिट्ट्या. कुकरमध्ये टोमॅटो नको, लिंबू नको, आंबटाने चणे मऊ व्हायचे थांबतात. शिजल्यावर पाणी फेकू नका, डब्यात भरा. लब्लाबी आणि पास्ता दोन्ही त्याच पाण्यावर उभे आहेत. गुरुवारच्या वाट्याचे चणे आणि थोडं पाणी फ्रीझरमध्ये, बाकीचं फ्रिजमध्ये.

त्याच दुपारी दोन गोष्टी वाटून ठेवा. ताहिनी: पॉलिशचे पांढरे तीळ हलके गरम करायचे, रंग बदलू द्यायचा नाही, मग थोड्या तेलावर मिक्सरला लावायचे. मिक्सर तापतो, थांबत थांबत फिरवा. हारिसा: सुक्या लाल मिरच्या गरम पाण्यात भिजवून लसूण, धणे, शहाजिरे, मीठ आणि ऑलिव्ह तेलाबरोबर वाटायच्या. ट्युनिशियाचा हारिसा 2022 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला, पण आपल्या घरी तो ब्याडगीचा करा. रंग येतो आणि पोरंही खातात.

रात्री फलाफल. कच्चे चणे फडक्यावर कोरडे करा, कांदा, लसूण, भरपूर कोथिंबीर, जिरे घालून भरड वाटा, पाण्याचा थेंब नको. अर्धा तास फ्रिजमध्ये. तळायच्या आधी चिमूटभर खायचा सोडा. मीठ बेताने, चणे मिठात भिजलेत. मिठात, रात्रभर. इजिप्तमध्ये हाच प्रकार फावा बीन्सचा (म्हणजे बाकल्याचा) करतात, त्याला ताअमिया म्हणतात. तेही आधी भिजवूनच.

सोमवारची लब्लाबी मला या पाचांत सगळ्यात आवडते, आणि कष्टही सगळ्यात कमी. शिळा पाव तोडून वाडग्यात, त्यावर लसूण-जिऱ्यात उकळलेले चणे पाण्यासकट, वर हारिसा, ऑलिव्ह तेल, लिंबू, अर्धकच्चं अंडं. मिसळ खाणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. पाव मात्र शिळाच हवा, ताज्याचा लगदा होतो, म्हणजे लादी रविवारीच आणून ठेवायची.

मंगळवारी हमस. चणे चिमूटभर सोडा घालून पुन्हा उकळा, अगदी बोटाने चिरडतील इतके, आणि गरम असतानाच वाटा. ताहिनीत आधी लिंबू, मग बर्फाचं पाणी थोडं थोडं. आधी घट्ट होते, घाबरू नका, मग पांढरी आणि हलकी होते. नुसत्या हमसने पोट भरत नाही, सोबत पोळ्या, काकडी, उकडलेली अंडी.

बुधवारी कोशरी, भांडी फार निघतात, आधीच सांगते. अख्खा मसूर आणि भात, वेगळी उकडलेली मॅकरोनी, व्हिनेगर घातलेला टोमॅटोचा रस्सा, लसूण-व्हिनेगरचं पाणी, वर चणे आणि कुरकुरीत तळलेला कांदा. कांदा दिसतो त्याच्या दुप्पट चिरा, तळून निम्माही राहत नाही आणि येता-जाता खाल्ला जातो. कांद्याचं तेल रश्शाला वापरा. रस्सा जास्त करा.

गुरुवार: फ्रीझरमधले चणे सकाळीच बाहेर. लसूण, जरासा टोमॅटो, निम्मे चणे चिरडून, त्याच पाण्यात छोटा पास्ता. रोझमेरी (सुगंधी पाला) असेल तर घाला, नसेल तर नको, कसुरी मेथी टाकू नका. लगेच वाढा, घट्ट होतो.

शुक्रवारी चणे संपलेले असतात. कोशरीचा उरलेला रस्सा तव्यात, त्यात अंडी फोडून झाकण, शक्षुका झाली. पाव आणायला कुणाला तरी पाठवा.