चैत्रातली पाखरं पाहायची तर तिथी बघून निघा

मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य, मुंबईत पक्षी पाहायला मला याहून आवडता काळ नाही. परदेशी पुस्तकं वाचून वसंत म्हणजे पाखरं परतण्याचा ऋतू असं आपल्या डोक्यात बसतं. मुंबईत मात्र हे निरोपाचे दिवस. हिवाळाभर खाडीत आणि रानात मुक्कामाला असलेले पाहुणे आता उत्तरेला निघतात, आणि निघण्याआधी त्यातले बरेच जण पिसांचा रंग बदलतात. तो बदल पाहायला एक अख्खा दिवस काढा: सकाळी बोरिवलीचं रान, संध्याकाळी शिवडीची खाडी.

आधी भरती बघा

सोयीचा रविवार पकडून निघालात तर खाडी हुलकावणी देईल. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर चिखलात पांगतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची नुसती एक गुलाबी रेघ पाहून परतलो होतो. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. संध्याकाळसाठी षष्ठी ते अष्टमी हेच दिवस धरा, पक्ष शुद्ध असो वा वद्य. हे भांगाचे दिवस, पाणी उधाणाइतकं वर चढत नाही. चढत्या पाण्याबरोबर पक्षी हळूहळू काठाकडे सरकतात. हिशेब ढोबळ आहे, म्हणून आदल्या रात्री भरतीच्या तक्त्यात नेमकी वेळ पाहून घ्या. बोरिवलीचं रान म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात असू द्या.

पिशवीत काय

८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण सगळ्यात उपयोगी. जवळ नसेल तर उसनी घ्या, पण दोघांत एक नको. मळकट रंगाचे कपडे, टोपी, दोन लिटर पाणी, पोळीभाजीचा डबा, वही आणि पेन्सिल. बस.

सकाळ: एकाच झाडापाशी थांबा

उद्यानाचं दार उघडताच आत शिरा आणि कान्हेरीच्या रस्त्याला लागा. नवखे लोक चालत सुटतात, हीच मोठी चूक. फुललेला पांगारा किंवा उशिरा फुललेली काटेसावर शोधा आणि तिथे अर्धा तास उभे राहा. मधासाठी सूर्यपक्षी, बुलबुल, कोतवाल येतील, आणि नशीब असेल तर भोरड्यांचा थवा उतरेल. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशियात वीण करतात आणि एप्रिलमध्ये इथून नाहीशा होतात. त्यांचा कलकलाट आधी कानावर येतो, मागाहून पक्षी दिसतात.

पानांत सतत हलणारा, कोंबडीच्या पिलाहूनही लहान हिरवट पक्षी दिसला तर तो वटवट्या. याची नेमकी जात डोळ्यांनी ठरवायला जाऊ नका, आवाज ऐका. खालच्या फांदीवर शेपटी उडवत बसलेला माशीमारही आता निघायच्या बेतात असतो. नवरंगाला या दिवसांत शोधू नका, तो पावसाच्या तोंडावर येतो.

मोबाइलवरून पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, ही माझी कळकळीची विनंती. लांबच्या उड्डाणासाठी ते अंगात चरबी साठवत असतात. खोट्या आवाजामागे धावण्यात त्यांचं खाणं बुडतं.

दुपार

अकरानंतर रान गप्प होतं. जेवून घ्या, सावलीत पडा. मग लोकलने अंधेरी किंवा गोरेगावपर्यंत या, तिथून सीएसएमटीची हार्बर गाडी थेट शिवडीला सोडते.

संध्याकाळ: रंग बदललेले पक्षी

भरतीच्या अडीच-तीन तास आधी जेट्टीवर पोहोचा. स्टेशनच्या पूर्वेच्या रस्त्यावर ट्रेलरची वर्दळ असते, जपून चाला. खाडी पूर्वेला असल्यामुळे दुपारनंतर ऊन आपल्या पाठीवर येतं आणि समोरचे रंग लख्ख दिसतात; सकाळी इथे नुसत्या सावल्या दिसतात.

रोहितांना आधी मनसोक्त पाहून घ्या, नाहीतर दुसरीकडे लक्ष लागणार नाही. उंच, फिकट, गुलाबी चोचीला काळं टोक असलेला तो मोठा रोहित. बुटका, गडद लाल चोचीचा तो लहान. ते चोच उलटी धरून पाण्यातलं शेवाळ गाळून खातात आणि पावसाळ्याच्या सुमारास जातात, त्यामुळे त्यांची घाई नाही.

घाई आहे ती त्यांच्या पायांशी धावणाऱ्या चिमुकल्यांची. बाकदार चोचीच्या कर्ल्यू सँडपायपरच्या पोटावर विटकरी डाग उमटू लागलेले असतात. तो सायबेरियाच्या टोकाला, आर्क्टिकमध्ये वीण करतो. सँड प्लोव्हर, म्हणजे आपले चिखले, यांच्या छातीवर तांबूस पट्टा चढतो. कुरवांची (सीगलची) डोकी हिवाळ्यात पांढरी होती, आता ती तपकिरी टोपी घालून बसतात. त्यातले काही लडाख-तिबेटच्या तलावांवर जाणारे. एकाच थव्यात कुणी पूर्ण रंगलेला, कुणी अर्धा, कुणी अजून राखाडीच. प्रत्येक अवस्थेतला एक तरी पक्षी शोधा आणि वहीत डाग कुठून सुरू झाले ते काढून ठेवा. चित्र चांगलं यायची गरज नाही.

एखाद्याच्या पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर रंग आणि अक्षरं टिपून १८८३ सालापासून काम करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला (बीएनएचएस) कळवा. फोटोसाठी चिखलात उतरू नका, आणि थवा उडवायला टाळ्या तर अजिबात नकोत.

पाण्यातून पाहायची हौस असेल तर दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोट घ्या. तीही भरती बघूनच सुटते, आगाऊ नोंदणी करावी लागते. ठाणे खाडीचं हे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५चं, २०२२मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही झालं.

सूर्य मावळला म्हणून लगेच दुर्बीण आवरू नका. हे छोटे पाणपक्षी बहुधा याच वेळी लांबच्या प्रवासाला उठतात. काठावरचा एखादा थवा उठून, ओरडत वर वर चढत गेला आणि परत फिरला नाही, तर वेळ, दिशा आणि अंदाजे संख्या लिहून ठेवा.