तुरीच्या फुलोऱ्यात फिरणारी टोकदार पोटाची कोकीळ माशी : फवारणीची घाई नको

परतीचा पाऊस ओसरला की अथणी, चिकोडी, निपाणी भागातली तूर फुलोऱ्यात येते. त्याच सुमाराला तुरीच्या किंवा शेजारच्या गुलाबाच्या पानांना अर्धगोल, कातरीने कापल्यासारखे तुकडे गेलेले दिसतात. ही अळी नव्हे. अळीच्या खाण्यात कडा कुरतडलेल्या असतात, खाली विष्ठा पडते. इथे कड स्वच्छ असते. हे काम पानकापी माशीचे, म्हणजे पानांचे तुकडे कापून घरटे रचणाऱ्या रानटी मधमाशीचे. तूर बरीचशी स्वपरागी असली तरी ही माशी फुलावर बसली की तिच्या वजनाने खालची पाकळी दबते आणि पराग पोटाखालच्या केसांना चिकटतो. म्हणून तिचे पोट खालून पिवळे दिसते.

तिच्याच मागावर कोकीळ माशी असते, म्हणजे कोकिळेसारखी दुसरीच्या घरट्यात अंडे घालणारी मधमाशी. पोट शेवटाला खिळ्यासारखे निमुळते, खाली परागाचे केस नाहीत, कारण ती पराग गोळाच करत नाही. पानकापी माशी पोकळ नळीत पानांच्या विडीसारख्या गुंडाळ्या रचते, आत पराग-मधाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालते. ती बाहेर गेली की कोकीळ माशी पोटाच्या टोकाने पानाचे आवरण भेदून आपले अंडे आत सरकवते. तिच्या कोवळ्या अळीचे जबडे कोयत्यासारखे वाकडे असतात. ती आधी यजमानाचे अंडे किंवा अळी मारते, मग साठा खाते. पिकाला तिचा काहीही उपद्रव नाही. पहाटे दव असताना वाळल्या काडीला जबड्याने धरून झोपलेली ही माशी सहज सापडते. तिच्यासाठी फवारलेत तर मरेल ती पानकापी.

कोकीळ माशीमुळे होणारे पानकापीचे नुकसान कमी करायचे तर तिच्यासाठी घरटी नीट मांडा. आतून ६ ते १० मिमी व्यासाच्या, १५ सेंमी लांब, एका टोकाला पेर असलेल्या कळकाच्या नळ्या घ्या. २०-२५ नळ्यांचा गठ्ठा बांधावरच्या खांबाला १ ते १.५ मीटर उंचीवर, तोंड पूर्वेला, वर कौल ठेवून आडवा बांधा. खांबाला ग्रीसचा पट्टा द्या, नाहीतर मुंग्या साठा संपवतात. सगळ्या नळ्या एकाच जागी लावणे ही नेहमीची चूक : तिथे कोकीळ माशीला एका फेरीत सगळी घरटी सापडतात. छोटे गठ्ठे २५-३० मीटरवर विखुरा. तोंड बंद झालेली नळी उभी करू नका किंवा हिसका देऊन हलवू नका, अंडे गोळ्यावरून सुटते. नळ्या दरवर्षी नव्या.

लाल-काळ्या पोटाची आणखी बारीक कोकीळ माशी बांधावरच्या छिद्रांभोवती घिरट्या घालते. ती जमिनीत घरटी करणाऱ्या छोट्या माश्यांवर जगते. ती छिद्रे बुजवू नका; बांधाची फूटभर पट्टी न नांगरता सोडा.

शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क फवारायचा असेल, तर माश्यांची वर्दळ थांबल्यावर, सायंकाळीच. नळ्यांची तोंडे तेवढा वेळ ओल्या गोणपाटाने झाका आणि सकाळी ऊन चढण्याआधी काढा.