हेड गॅसकेट गेलं? नवं बसवायच्या आधी हेड आणि बोल्ट मोजा

मागच्या उसाच्या हंगामात जिंतूरकडचे एक शेतकरी ट्रॅक्टर टोचन करून परभणीला माझ्याकडे घेऊन आले. महिन्याभरात दुसऱ्यांदा हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं झाकण (हेड) यांच्यामधलं पातळ पॅकिंग, गेलं होतं. दोन ट्रॉल्या भरून रस्त्याच्या कडेला उभ्या, टोळी फडात बसून. आधी जिथं काम झालं तिथं जुनं गॅसकेट काढून नवं टाकलं होतं, बस्स. हेड वाकलंय का बघायला त्यावर सरळपट्टी कुणी ठेवलीच नव्हती. तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगतो.

गरम इंजिनाला पाना लावू नका. रात्रभर गार होऊ द्या. बोल्ट कडेकडून मध्ये येत, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे सैल करा, नाहीतर चांगलं हेडही वाकतं. पुठ्ठ्याला भोकं पाडून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवा. पुढं कामाला येतं.

जुनं गॅसकेट भंगारात टाकायची घाई नको. त्या ट्रॅक्टरचं गॅसकेट उजेडात धरलं, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधली कड काळी पडून तुटलेली. म्हणजे आग तिथून पलीकडं जात होती. आता हेडवर आधी कुठं बघायचं ते कळलं.

हेड खरवडताना ग्राइंडरला तारेचा ब्रश लावू नका. ॲल्युमिनियमचं हेड असेल तर खड्डे पडतात, आणि ती भुकटी ऑइलच्या वाटेत गेली की बेअरिंग खाते. बोथट पट्टी घ्या, वेळ लागू द्या.

मग मशीन केलेली पोलादी सरळपट्टी हेडवर उभ्या धारेनं ठेवा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या कोनांत. मागं बॅटरी धरली की उजेडाची रेघ दिसते, पण डोळ्यावर जाऊ नका, फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ पत्त्यांचा जुडगा) पत्ती फटीत घाला. मी ०.०५ मिलिमीटरपासून सुरुवात करतो. बऱ्याच इंजिनांत ०.१० च्या आसपास हद्द असते, पण शेवटचा शब्द तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. त्या ट्रॅक्टरला बरोबर त्याच काळ्या जागेवर ०.१५ ची पत्ती सरकली. हीच पट्टी ब्लॉकवरही फिरवा. हेड घासून आणायचं आणि ब्लॉक तसाच सोडायचा, याला अर्थ नाही. ओले लायनर (सिलिंडरचे काढता येणारे नळे, ज्यांच्या बाहेरून पाणी फिरतं) असतील तर प्रत्येक लायनर ब्लॉकच्या वर किती येतो तेही मोजा. एखादा खाली बसला असेल तर तिथं गॅसकेट दाबलंच जात नाही.

चीर शोधायला दोन व्हॉल्व्हच्या सीटांमधली जागा बघा. रॉकेल लावा, कोरडं पुसा, वर खडूची भुकटी पसरा. चिरेत मुरलेलं रॉकेल भुकटीत ओली रेघ काढतं. पण पाणी आटतंय आणि वरून काहीच दिसत नाही, तर लेथवाल्याकडून हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या. हेड घासायला सांगताना कमीत कमी किती उंची राहिली पाहिजे तेही सांगा. डिझेलला पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये जागा फार थोडी असते.

बोल्टांकडे लोक बघतच नाहीत. नवा बोल्ट शेजारी उभा करून लांबी ताडा. व्हर्नियरनं आट्यांच्या खालची जाडी मोजा. बारीक झालेली कंबर म्हणजे बोल्ट ताणला गेलाय. नट हातानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मध्ये अडकला तर आटे ओढले गेलेत. डिग्रीनं, म्हणजे ठरावीक कोनातून फिरवून, आवळायचे बोल्ट बहुतेक एकदाच वापरायचे असतात. एक खराब निघाला तर मी अख्खा सेट बदलतो.

ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेनं साफ करा. बंद भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं, तर टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरावर टक्क वाजणारा) टक्क म्हणतो पण हेड धरलेलं नसतं. कधी ब्लॉकलाच चीर जाते. आट्यांना मॅन्युअल सांगेल तेवढंच ऑइल लावा. मग मधून बाहेर जात, टप्प्याटप्प्यानं आवळा.

आणि रेडिएटर सोबत आणाच, इंजिन तापलं की नवं गॅसकेटही जातं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यात मळणीचा भुसा जाळीत. त्या ट्रॅक्टरचा रेडिएटर उघडला तर निम्म्या नळ्या पांढऱ्या खपलीनं बंद होत्या. तो साफ करून, कूलंट भरून, मगच मी गाडी चालू केली.