पंचतंत्र मोठेपणी वाचायचं तर

आधी पुस्तक नीट निवडा. मुलांच्या आवृत्त्यांत माकड-मगर, मुंगूस, कासव सुटेसुटे येतात आणि प्रत्येकाखाली 'तात्पर्य'. मूळ रचनेत पाच तंत्रं, प्रत्येकाची एक मोठी कथा आणि तिच्या पोटात पात्रांनी एकमेकांना ऐकवलेल्या गोष्टी आहेत. अनुक्रमणिकेत मित्रभेद, मित्रसंप्राप्ती, काकोलूकीय, लब्धप्रणाश, अपरीक्षितकारक ही नावं आणि आत श्लोक दिसले तरच घ्या. पाठभेदांमुळे गोष्टींची संख्या आणि क्रम बदलतो, ते चालायचंच.

सुरुवात मित्रभेदापासून. ते सर्वांत लांब, तेव्हा दोन-तीन बैठका धरा. गोष्टीत गोष्ट शिरली की वाचक हमखास भरकटतो, म्हणून कागदावर तीन रकाने आखा: कोण सांगतंय, कोणाला, आणि सांगणाऱ्याला काय हवंय. तिसरा रकाना गाळू नका, खरी गंमत तिथेच आहे. करटक आणि दमनक हे कोल्हे म्हणजे पद गेलेले मंत्रिपुत्र. पाचर उपटून मेलेल्या माकडाची गोष्ट करटक सांगतो, कारण दमनकाने नसत्या भानगडीत पडू नये असं त्याला वाटतं. ढोलाच्या आवाजाला भ्यालेल्या कोल्ह्याची गोष्ट दमनक थेट पिंगलक सिंहाला ऐकवतो; राजा घाबरलाय हे त्याने हेरलंय आणि त्याच भीतीवर त्याला पुन्हा दरबारात शिरायचंय.

श्लोक हे लेखकाचं मत समजून पाठ करू नका. उत्तमोत्तम सुभाषितं लबाडाच्या तोंडी आहेत आणि ती एकमेकांना सर्रास छेद देतात.

शेवटाजवळ मात्र वेग कमी करा. दमनक सिंहाला सांगतो, त्याचा मित्र झालेला संजीवक बैल शिंगं रोखून येईल. बैलाला सांगतो, सिंह शेपूट उंचावून, कान टवकारून बघत असेल. दोघं सावध होऊनच भेटतात आणि तो सावधपणाच समोरच्याला पुरावा वाटतो. हीच चुगली माणसांची नावं घालून लिहिली असती तर रटाळ कार्यालयीन प्रकरण झालं असतं. इथे शिंगं आणि नखं खरी आहेत, बैल मरतो आणि दमनक मंत्री होतो.

हा शेवट पचत नसेल तर पंचतंत्रावरूनच आलेल्या, आठव्या शतकातल्या इब्न अल्-मुकफ्फाच्या अरबी 'कलीला व दिम्ना'चं भाषांतर शोधा. कलीला-दिम्ना ही करटक-दमनकांचीच बदललेली नावं, पण तिथे दिम्नावर खटला चालवणारं एक जादा प्रकरण आहे. मित्रभेद ताजं असतानाच ते वाचा.