‘गिफ्ट’ म्हणजे भेटच? जर्मनी, स्वीडन, नेदरलँड्समध्ये या चुका टाळा

सगळ्यात नेहमीची चूक जर्मनीत होते. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलताना मधे ‘गिफ्ट’ घालू नका. तिथे ‘दास गिफ्ट’ म्हणजे विष. भेटीला ‘गेशेंक’ म्हणतात. दुकानात कागदात गुंडाळून हवं असेल तर ‘आल्स गेशेंक, बिटे’ एवढं पुरतं. उंदराच्या औषधाच्या डब्यावर ‘राटनगिफ्ट’ लिहिलेलं असतं. शेवटी ‘इग’ लागून ‘गिफ्टिग’ झालं की जर्मन, डच, स्वीडिश, तिन्हींत अर्थ विषारी. बाटलीवर तो शब्द दिसला तर ती लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

दुसरी चूक: इंग्रजी आणि जर्मन शब्द दिसायला सारखे, पण मुळात वेगळे, असं समजणं. दोन्हींचं मूळ ‘देणं’ हेच आहे. ग्रीक ‘दोसिस’ म्हणजे देणं, त्यावरून औषधाची मात्रा. आपला ‘डोस’ तिथलाच, आणि संस्कृत ‘दा’ धातू त्याचा भाऊबंद. त्या ‘दोसिस’च्या धर्तीवर जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे ‘दिलेली मात्रा’ झालं आणि पुढे विष. विषाला सौम्य नाव देण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. कीटकनाशक फवारताना आपणही ‘औषध मारतो’च म्हणतो. जुना अर्थ जर्मनमध्ये एका जोडशब्दात टिकलाय: ‘मिटगिफ्ट’, म्हणजे हुंडा.

स्वीडिशमध्ये गोंधळ आणखी वाढतो. ‘एत यिफ्त’ म्हणजे विष, पण ‘ए दू यिफ्त?’ म्हणजे ‘तुझं लग्न झालंय का?’ उच्चार एकच, त्यामुळे आजूबाजूचे शब्द पाहायचे: आधी ‘एत’ असेल तर विष, मागून ‘मेद’ (च्याशी) आलं तर लग्न. लग्न म्हणजे विष, असा विनोद यावरून फार चालतो आणि लोक तीच व्युत्पत्ती समजतात. ती चूक आहे. लग्नाचा अर्थ मुलगी देण्यातून आला. ‘मुलगी कुठे दिली?’ असं विचारणाऱ्या, कन्यादान माहीत असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. नॉर्वेजियन आणि डॅनिशमध्येही दोन्ही अर्थ आहेत. उच्चार नॉर्वेजियनमध्ये ‘य’ने सुरू होतो, डॅनिशमध्ये ‘ग’ने.

डचमध्ये घाबरू नका. तिथल्या प्राप्तिकराच्या अर्जात ‘गिफ्टन’ (उच्चार ‘खिफ्टन’) म्हणजे देणग्या. विषाला रोजचे शब्द ‘खिफ’ आणि ‘फरखिफ’. वाढदिवसाच्या भेटीला मात्र ‘कादो’ म्हणा.