जुन्या जीपचा रंग खरवडण्याआधी : गोव्यातल्या मालकांनी टाळायच्या चुका

गोव्यात जुनी जीप हाती लागते ती साधारण तीन वाटांनी. डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या खाणींवर राबलेल्या महिंद्राच्या सीजे-३बी आणि नंतरच्या डिझेल जीपा ही पहिली वाट. दुसरी, लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जोंगा, म्हणजे लष्करी वापराच्या जीपवजा गाड्या. आणि तिसरी, क्वचितच उघडणारी : १९६१ पूर्वी इथे परदेशी गाड्या थेट येत असत, त्यातली एखादी विलिस किंवा लँड रोव्हर कुणाच्या तरी घरामागे झावळ्यांखाली पडून असते. गाडी अंगणात आली की पहिला फोन टिंकरला (पत्राकाम करणाऱ्याला) जातो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सगळं खरवडून नवीकोरी कर." दुसऱ्या टोकाला हल्ली वेगळी मंडळी तयार झाली आहेत. त्यांना पोपडे, गंज, भोकं सगळं जसंच्या तसं हवं असतं आणि पान्यालाही हात लावायचा नसतो.

दोन्हीकडे गाडी मरते. अख्ख्या गाडीचा निर्णय एका बैठकीत घ्यायचाच नसतो. तो भागाभागाने घ्यायचा. चॅसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), ब्रेक, स्टिअरिंग आणि वायरिंग यांत तडजोड नको, तिथे दुरुस्ती करायचीच. मात्र मूळ रंग, त्यावरची अक्षरं, पितळी पाट्या, हात लागून गुळगुळीत झालेल्या कडा यांना गरज पडल्याशिवाय हात लावू नये. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिव्हा' हिने २०१२ मध्ये संमत केलेल्या ट्युरिन सनदेतही हाच क्रम आहे : आधी जतन, मग संवर्धन, आणि अगदी लागेल तिथे पुनर्स्थापना.

गंजालाच पॅटिना समजणे

उन्हाने विटलेला रंग, दाराच्या जागी सतत पाय घासून उघडा पडलेला पत्रा, त्यावरचा पातळ, कोरडा, तपकिरी थर : हा पॅटिना. नखाने उचकटला की पापुद्रा निघतो, खाली आणखी पापुद्रा असतो, आणि सांध्यात बोट घातलं तर ओलसर भुकटी लागते : हा गंज. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणूनच दोन पत्र्यांच्या सांध्यात तो शिरला की सांधा फुगून उघडतो. त्याला 'कॅरॅक्टर' म्हणून सोडून दिलं तर आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत तिथे भोक पडलेलं दिसेल.

खाणपट्ट्यातल्या गाड्यांत उलटीही चूक होते. खनिजाची लाल धूळ म्हणजे मुळात लोहाचं ऑक्साइडच, त्यामुळे रंगावर बसलेली ती धूळ हुबेहूब गंजासारखी दिसते. लोक सँडपेपर घेऊन तुटून पडतात आणि खालचा धडधाकट मूळ रंग घालवून बसतात. आधी साधं पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश. दोन-तीनदा धुतल्यावर जे उरेल त्याचा विचार करावा. हीच धूळ चॅसिसच्या पोकळीत घट्ट बसून वर्षभर ओल धरते, तेव्हा आतूनही पाण्याचा पाइप घालून ती काढावी लागते. लाल पाणी थांबेपर्यंत धुवायचं.

चॅसिस कसा तपासायचा? लहान हातोडी घ्या आणि पुढच्या टोकापासून हलकेच ठोकत मागे जा. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं. जिथे आवाज बद्द येतो तिथे थांबून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक आत शिरलं तर तिथे पत्रा नाही, नुसता रंग आणि गंज उभा आहे. स्प्रिंगच्या पट्ट्या टेकतात ते ब्रॅकेट, मागचा क्रॉसमेंबर (चॅसिसच्या दोन बाजू जोडणारा आडवा दांडा), बॅटरीच्या ट्रेखालची बाजू आणि सीटखालचा कप्पा या जागा आधी बघाव्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विलिसमध्ये फ्लोअरखालच्या आडव्या चॅनेलमध्ये लाकडी पट्ट्या भरलेल्या असत. ते लाकूड पाणी शोषून ठेवतं आणि वरून शाबूत दिसणारा फ्लोअर खालून खाऊन टाकतं.

लँड रोव्हरवाल्यांनी निर्धास्त राहू नये. तिची बॉडी बर्माब्राइट या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असली तरी चॅसिस पोलादाचाच आहे. दोन धातू एकमेकांना टेकतात तिथे खारट ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून फुगतं आणि त्याची भुकटी होते. बोल्ट बदलताना मध्ये रबर किंवा नायलॉनची चकती घालावी.

काही न बघता सँडब्लास्टिंगला पाठवणे

सँडब्लास्टिंग म्हणजे दाबाने वाळू मारून रंग आणि गंज उडवणं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, कारण ती परत फिरवता येत नाही.

लष्करातून आलेल्या गाडीवर बहुधा मूळ हिरव्यावर पुन्हा ब्रशने मारलेला हिरवा असतो. त्यावर पहिल्या नागरी मालकाचा पिवळा किंवा निळा, आणि वर कुणीतरी हौसेने मारलेला चकचकीत काळा. बॉनेटच्या कोपऱ्यात, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, हजार-दीड हजार नंबरचा ओला सँडपेपर हलक्या हाताने गोल फिरवा. एकेक थर कड्यासारखा उघडत जाईल आणि पाच मिनिटांत गाडीचा प्रवास दिसेल. हीच चाचणी बॉनेटच्या बाजूला, बंपरवर आणि डॅशबोर्डखाली करा. लष्कराच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो. तो बाण, युनिटची खूण, एखाद्या खाण कंपनीचं हाताने रंगवलेलं नाव असं काही खाली सापडलं, तर वरचे थर पातळ, ओल्या पेपरने उतरवत ते बाहेर काढता येतं. काम वेळखाऊ आहे, खांदे भरून येतात, पण ते अक्षर उगवताना बघण्यासारखं दुसरं सुख या छंदात नाही. सँडब्लास्टिंगच्या नळीखाली ते सगळं काही सेकंदांत उडून जातं. शिवाय मोठ्या सपाट पत्र्यावर जोराने वाळू मारली की पत्रा लहरी खातो, मग ती लाट लपवायला किलो-किलो पुट्टी चढते.

सुट्या भागांची ओळखही अशीच पुसली जाते. युद्धकाळातल्या जीपा विलिस आणि फोर्ड या दोघांनी बनवल्या. फोर्डच्या गाडीत बोल्टच्या डोक्यांवर आणि अनेक भागांवर 'एफ' हे अक्षर ठोकलेलं असतं. रेडिएटरसमोरचा क्रॉसमेंबर विलिसमध्ये गोल नळीचा आणि फोर्डमध्ये उलट्या यू-आकाराच्या चॅनेलचा असतो. हे माहीत नसलेला फिटर जुने बोल्ट भंगारात टाकून बाजारातले नवे बसवतो. एकेक भाग काढताना फोटो काढा, बोल्ट त्या-त्या जागेच्या नावाच्या पिशवीत भरा.

आणि चॅसिस नंबर! आरटीओत त्याचा पेन्सिलने काढलेला ठसा लागतो. ग्राइंडर फिरवून, वर पुट्टी भरून तो पुसट झाला की रंग कितीही सुंदर लागला तरी कागदावर गाडी संशयास्पद ठरते. काम सुरू होण्याआधी नंबर शोधा, फोटो घ्या, ठसा काढा आणि त्या जागेवर जाड टेप लावून टिंकरला बजावून सांगा.

चवथीच्या आत रंग मागणे

गणपती घरी येण्याआधी गाडी दारात उभी हवी, ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण त्यासाठी आषाढ-श्रावणात रंग मारून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. रंगकामाचा सर्वमान्य नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सियस जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. भर पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये हे जमत नाही. पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा बसतो, रंगावर पांढुरकी झाक येते आणि दिवाळीनंतर फोड. डिसेंबर ते फेब्रुवारी हे आपले रंगाचे महिने.

किनाऱ्यालगतच्या गाड्यांना आणखी एक पायरी लागते. मिठातले क्लोराइड गंजाच्या आत मुरलेले असतात. वरून घासून लगेच प्रायमर मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. गोड्या पाण्याने भरपूर धुवा, पूर्ण वाळवा, परत धुवा, मगच गंजरोधक. टॅनिक आम्लाचं कन्व्हर्टर लावलं तर गंज निळसर काळा पडतो आणि स्थिर होतो. ज्या भागाचा जुना रंग राखायचा आहे तिथे ते बारीक ब्रशने फक्त गंजावरच लावावं, कारण रंगावर ओघळलं की डाग पडतो.

जपण्याच्या नावाखाली केलेले उपाय

पॅटिनावर चकचकीत क्लिअर कोट मारू नका. गंज खालून श्वास घेतच राहतो, कोट उचलला जातो, आणि मग तो काढताना मूळ रंगही सोबत येतो. परदेशी व्हिडिओ बघून कच्चं जवसाचं तेल चोपडणारेही आहेत. कोरड्या हवेच्या देशात ते चालत असेल, आपल्याकडे ते आठवडाभर चिकट राहतं आणि श्रावणात त्यावर बुरशी धरते. साधं मेण बरं, दर दोन-तीन महिन्यांनी लावावं. पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स (आत फवारायचं मेण) किंवा लॅनोलिनचा फवारा द्यावा.

चॅसिसखाली जळकं ऑइल मारायची सवय आपल्याकडे जुनी आहे. गंज थोडा थांबतो हे खरं, पण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं असतात, रबरी बुश आणि ब्रेकचे होज त्याने फुगतात, आणि अंगणात ठिबकलेलं तेल पहिल्या पावसात थेट विहिरीच्या दिशेने जातं. तसंच डांबरी अंडरकोटिंग : निरोगी, कोरड्या पत्र्यावर ठीक, गंजावर मारलं तर ते ओल आत कोंडून ठेवतं.

गाडी ताडपत्रीत घट्ट गुंडाळली की आत घाम सुटतो. वर छप्पर आणि चारही बाजूंनी वारा, एवढंच तिला हवं असतं. गोठ्यात मात्र ठेवू नका. गोमूत्रातून निघणारा अमोनिया पितळेला तडे पाडतो आणि जुन्या जीपचा रेडिएटर तांब्या-पितळेचाच असतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस टाकीच्या सांध्यातून पाणी झिरपू लागतं. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालण्याबद्दल वेगळं लिहायला नको, तो गुन्हा आहे आणि खारं पाणी ड्रमपर्यंत पोचतं ते वेगळंच.

नवी बॉडी, डिझेल इंजिन आणि कागद

हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणांहून तयार बॉडी येते. स्वस्त पडते, म्हणून जुनी भंगारात जाते. त्याआधी जुन्या पत्र्याची जाडी व्हर्नियरने मोजा. अनेकदा फ्लोअर आणि खालची सहा इंच पट्टी कापून नवा पत्रा वेल्ड केला तर बाकीची मूळ बॉडी आणखी कित्येक वर्षं चालते. नव्या तुकड्याला जुनाट दिसावं म्हणून खोटे डाग पाडू नका. आतल्या बाजूला तारीख रंगवून ठेवली की पुढच्या मालकालाही कळतं.

सीजे-३बीचं बॉनेट उंच आहे त्याचं कारण तिचं २.२ लिटरचं हरिकेन इंजिन. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली. ते काढून डिझेल बसवलं की त्या उंच बॉनेटला अर्थच उरत नाही. कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. २०२१ च्या विंटेज नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. या नोंदणीवर रॅली, प्रदर्शन, इंधन-दुरुस्ती यांसाठी गाडी रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापरासाठी नाही. जीडी मालिकेतला जुना नंबर आणि जुनं आरसी बुक असेल तर ते सांभाळा, गाडीच्या इतिहासाचा तो पुरावा आहे.

पावसाळ्यानंतर गाडी हलत नसेल तर

ढकलूनही जागची हलत नसेल तर आधी हँडब्रेक बघा. विलिस आणि सीजे-३बीमध्ये तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागच्या ड्रमवर असतो आणि ओढून ठेवला तर पावसाळ्यात ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. गाडी ओढू नका, शाफ्ट तुटेल. ड्रमवर कडेने हलके ठोके द्या. पुढच्या वर्षी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा.

सेल्फ मंद फिरतो, पण बॅटरी ठणठणीत? अर्थिंगचे (बॅटरी चॅसिसला जोडणाऱ्या तारेचे) सांधे उघडून चकचकीत घासा. जुनं ६ व्होल्टचं वायरिंग राखलेलं असेल तर केबलची जाडीही तपासा. तेवढ्याच ताकदीला तिथे १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, आणि बाजारातली बारीक केबल तो पेलत नाही.

पेट्रोल येत नसेल तर फ्युएल पंपाचा डायफ्रॅम बघा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर आणि कॉर्क खातं, हवेतलं पाणी ओढतं, आणि ते पाणी टाकीच्या तळाशी, नेमकं नळीच्या तोंडाशी साठतं. पावसाळ्याआधी टाकी आणि कार्बोरेटरचा बाऊल रिकामे करा, डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारा घ्या.

कुळ्याच्या बाजूला ओढ्यांतून गाडी काढली असेल तर डिफरेन्शियलचा (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचा) प्लग उघडून तेल बघा. दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलं आहे, त्याच दिवशी बदला आणि अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा जाण्याचं भोक) मोकळा करा. ब्रेक ऑइलही पाणी ओढतं, ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. पेडल मऊ झालं तर आधी मागची व्हील सिलिंडर उघडून बघा, पिस्टन गंजून अडकलेले असण्याची शक्यता जास्त.