बॅकएंडला खरा आयपी दिसत नाही तेव्हा

बॅकएंडच्या, म्हणजे मागे खरं काम करणाऱ्या सर्व्हरच्या, अ‍ॅक्सेस लॉगमध्ये (आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत) सगळ्या विनंत्या १०.०.०.५ सारख्या एकाच पत्त्यावरून येताना दिसल्या, तर सर्व्हर बिघडलेला नसतो. रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या आधी स्वतः घेऊन पुढे पाठवणारा मधला सर्व्हर) बॅकएंडशी स्वतःचं वेगळं टीसीपी कनेक्शन उघडतो. बॅकएंडला समोरचा म्हणून प्रॉक्सीच दिसतो. मूळ पत्ता हवा असेल तर तो हेडरमधून, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून, पाठवावा लागतो.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये हे काम 'प्रॉक्सी_सेट_हेडर' करतं. किमान तीन हेडर लावा: होस्ट (साइटचं नाव), एक्स-फॉरवर्डेड-फॉर (क्लायंटचा पत्ता) आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (एचटीटीपी की एचटीटीपीएस). टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) प्रॉक्सीवरच संपत असेल आणि शेवटचं गाळलं, तर अ‍ॅपला सगळं एचटीटीपी वाटतं, ते एचटीटीपीएसकडे रिडायरेक्ट करतं आणि ब्राउझर गोल गोल फिरत राहतो. आणखी एक खोच: कॉन्फिगरेशनच्या लोकेशन ब्लॉकमध्ये (एखाद्या पाथसाठीच्या भागात) एक जरी 'प्रॉक्सी_सेट_हेडर' लिहिलं, तरी वरच्या सर्व्हर ब्लॉकमधली सगळी गळून पडतात. तिथे ती पुन्हा लिहावीच लागतात.

खरी गोम विश्वासाची आहे. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हा नुसता मजकूर. क्लायंट त्यात वाटेल तो पत्ता घालून पाठवू शकतो. प्रॉक्सी आपल्याला दिसलेला पत्ता या हेडरमधल्या पत्त्यांच्या यादीच्या उजव्या टोकाला जोडतो. म्हणून सर्वांत डावीकडचा पत्ता उचलणारा कोड (असा कोड सर्रास सापडतो) रेट लिमिट (विनंत्यांच्या संख्येवरची मर्यादा) आणि आयपी बंदी दोन्ही निकामी करतो. यादी उजवीकडून वाचा, आपले प्रॉक्सी वगळा. पहिला अनोळखी पत्ता भेटेल तोच क्लायंटचा धरा.

बॅकएंडही एनजिनएक्स असेल तर 'सेट_रिअल_आयपी_फ्रॉम'मध्ये फक्त प्रॉक्सीचा पत्ता द्या, 'रिअल_आयपी_हेडर'मध्ये एक्स-फॉरवर्डेड-फॉर. एकामागे एक प्रॉक्सी असतील तर 'रिअल_आयपी_रिकर्सिव्ह' ऑन करा. '०.०.०.०/०' लिहिलं की सगळ्या जगावर विश्वास टाकलात. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये हेच काम मॉड_रिमोटआयपी हे मॉड्यूल करतं. लॉग फॉरमॅटमध्ये '%एच'ऐवजी '%ए' ठेवा.

२०१४ च्या आरएफसी ७२३९ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने 'फॉरवर्डेड' हे प्रमाणित हेडर आणलं, तरी रोजच्या कामात जुनी एक्स-वालीच जास्त भेटतात. एचटीटीपी नसलेल्या सेवांसाठी, उदाहरणार्थ मेल, प्रॉक्सी प्रोटोकॉल असतो; त्यात कनेक्शनच्या सुरुवातीलाच मूळ पत्ता पाठवला जातो. तो दोन्ही टोकांना एकदमच चालू करावा लागतो, नाहीतर कनेक्शन पहिल्याच ओळीला मोडतं.

तपासणी सोपी आहे. बाहेरच्या नेटवर्कवरून कर्लने (कमांड लाइनवरून विनंती पाठवणाऱ्या साधनाने) एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये १.२.३.४ घालून विनंती पाठवा. लॉगमध्ये १.२.३.४ उमटलं, तर पत्त्यांची यादी अजून डावीकडून वाचली जातेय किंवा नको त्यावर विश्वास टाकला जातोय.